वरचा बोल्ट

किल्ली फिरवली आणि गाडी नुसतं 'टक' म्हणाली. पुन्हा फिरवली, पुन्हा टक. दिवे लागत होते, हॉर्न कोकलत होता, बॅटरी ठणठणीत होती. तेव्हा दुखणं स्टार्टरचं, यात तिला तिळमात्र शंका नव्हती. निदानात तिचा हात धरणारं त्या भागात कुणी नव्हतं, आणि हे काही तिचं एकटीचं मत नव्हे, गाल धरून दवाखान्याच्या पायऱ्या चढलेल्या सगळ्यांचं होतं. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. तिचं चांगलं भरलं होतं. त्याच कोरण्यावर दोन्ही मुलं शिकून आपापल्या वाटेला लागली होती आणि हे पोर्चवालं बैठं घर उभं राहिलं होतं. एरवी तिनं गाडीला दोन शिव्या हासडल्या असत्या आणि सरळ चालत दवाखाना गाठला असता. आज मात्र ती स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिली. तो टक कानांनी ऐकला खरा, पण पोचला उजव्या हातात. असाच एक झटका तिला अलीकडे भेटला होता, फक्त त्याचा आवाज झाला नव्हता.

त्या दिवशी दवाखान्याच्या खुर्चीत निवृत्त पोस्टमन होते. खालची डावी दाढ, साधी कीड, डोळे मिटून करावं असं काम. ड्रिल फिरत होतं, पाण्याचा फवारा उडत होता, आणि ती त्यांना त्यांच्या सुनेची चौकशी करत होती, कारण तोंड वासून पडलेल्या माणसाला प्रश्न विचारायची दंतवैद्यांची खोड तिलाही होतीच. आणि हात उडाला. एकदाच, स्वतःच्या मर्जीनं, जसा झोपेत पाय उडतो तसा. तिनं ड्रिल लगेच उचललं, पण गालाला आतून एक बारीक लाल रेघ उमटून गेली होती. पोस्टमनना पत्ताच नाही, भूल दिलेली. तिनं कापूस दाबला, दाढ भरली, आणि ते वाकड्या झालेल्या तोंडानं "बाई, तुमच्या हाताला गुण आहे" असं म्हणून गेले. त्यानंतर ती बेसिनपाशी किती वेळ हात धूत उभी होती कुणास ठाऊक. गुण आहे! शरमेनं तिचे कान तापले होते. मग ती हातावर पाळत ठेवायला लागली. वर्तमानपत्राचा कोपरा फडफडतो का, कपात चमचा वाजतो का, शर्टाचं बटण काजात जायला कुरकुरतं का. रोज होत नसे. व्हायचं तेव्हा एखाद्या श्वासापुरतं व्हायचं आणि हात पुन्हा साळसूद. झाकली मूठ सव्वा लाखाची. तिनं मूठ झाकली. पाठ धरली आहे असं जाहीर केलं, कारण पाठीचं बरं असतं, तिच्याशी कुणाला वाद घालता येत नाही. खुर्चीशी आता धाकटी उभी राहत होती. धाकटी म्हणजे तिच्या हाताखाली तयार झालेली डॉक्टर, दवाखान्यात सगळेच तिला धाकटी म्हणत. स्वतः ती टेबलामागे बसून एक्स-रे वाचायची, सूचना द्यायची आणि अधूनमधून पाठीला हात लावून कण्हायची. कण्हणं बरं जमत होतं.

पण ताकाला जाऊन भांडं किती दिवस लपवणार? येत्या सोमवारी नणंदेची अक्कलदाढ होती. नवऱ्याची लहान बहीण, टेलिफोन ऑफिसात आयुष्यभर बोलण्याचा पगार घेतलेली, आणि निवृत्तीनंतर तेच काम फुकट करणारी. तिची ही दाढ हिरडीत आडवी निजलेली, वर यायचं नाव नाही, आणि सूज चढून चढून गेल्या महिन्यात दोनदा तोंड उघडेना. म्हणजे त्या घरात केवढी शांतता पसरली असेल बघा. दाढ कापून, तुकडे करून काढायची, तेही जबड्यातली शीर सांभाळून. आणि नणंदेनं सगळ्या नातेवाइकांना सांगून ठेवलं होतं की माझ्या तोंडात हात जाईल तर वहिनीचा, दुसऱ्या कुणाचा आला तर चावेन. लग्न होऊन वहिनी घरात आली तेव्हापासून त्या तोंडाची वहिवाट तिचीच होती. नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागणार, आणि पाठीचं कारण नणंदेपुढे टिकणार नव्हतं. तिनं स्टूल मागवलं असतं, उशी मागवली असती, आणि बसून काढा म्हणाली असती.

हे सगळं स्टिअरिंगवर हात ठेवून मनात चाललेलं, तेवढ्यात नवरा प्रुफांचा गठ्ठा काखेत मारून पोर्चमध्ये आला. तो मुद्रितशोधक. जगातल्या सगळ्या गोष्टी छापण्याआधी आपल्याला दाखवायला हव्या होत्या असं त्याला वाटे. गाडी बंद पडलेली बघून त्याचा चेहरा उजळला. आता तरी विकून टाकू, म्हणाला. जुन्या गाड्यांचा मेस्त्री गॅरेज मिटवून मुलाकडे राहायला गेला, नवीन गॅरेजवाले हिला हात लावत नाहीत, संगणक जोडायला हिला जागाच नाही म्हणतात. तिनं शांतपणे सांगितलं की स्टार्टरची मोटर मी बदलते. तो चष्म्यावरून बघत राहिला. आणि पाठ? पाठ आडवी असेल, ती म्हणाली, आडव्या पाठीला काय होतंय. उत्तर इतकं चोख होतं की तिचं तिलाच हसू आलं. खरं कारण तिनं त्याला सांगितलं नाही, पण स्वतःशी मात्र ते स्वच्छ मांडून ठेवलं होतं. अंधारी जागा, अडचणीतलं काम, न दिसणारा बोल्ट. हात अजून आपले आहेत का ते तिथं कळेल. असले तर सोमवारी वन्संची दाढ आपण काढायची. नसले तर, याच्या पुढचं वाक्य ती मनातही पुरं करत नव्हती.

गाडीला ती काही नवखी नव्हती. लग्नानंतरची कितीतरी वर्षं याच गाडीच्या डिकीत घडीची खुर्ची, पायानं चालवायचं ड्रिल आणि उकळायची भांडी घालून ती दूरदूरच्या शाळांतून दात तपासत हिंडली होती. रस्त्यात पट्टा तुटला, पट्टा बदलला. प्लग काळे पडले, घासले. क्लचची वायर तुटली तेव्हा तर भर उन्हात एका पुलावर तिनं ती ओवली होती आणि नवरा पुलाच्या कठड्यावर बसून, या पुलावरच्या पाटीत दोन चुका आहेत, असं सांगत होता. तेव्हाचे हात! एकेका दिवसात शंभर तोंडं बघूनही संध्याकाळी लेखणीसारखे स्थिर. स्टार्टर मात्र कधी काढला नव्हता. म्हणून काय झालं? पहिली अक्कलदाढही कधीतरी पहिल्यांदाच काढली होती. सुटे भाग विकणाऱ्याकडून तिनं दुरुस्त केलेली मोटर आणली. ती उचलून घेताना त्यानं कोण बसवणार म्हणून विचारलं, तिनं मी म्हटलं, आणि त्यानं पुढे विचारायचं सोडून दिलं.

शनिवारी सकाळी तिनं जुना सलवार-कमीज चढवला, केसांना फडकं बांधलं आणि काम मांडलं. आधी बॅटरीची ऋण तार काढली, कारण जित्या तारेत पाना घालणारा आणि भूल न देता सुई घालणारा, दोघांची लायकी एकच. मागच्या चाकांना विटा लावल्या, पुढून जॅकनं गाडी उचलली, खाली लोखंडी टेकू दिले, आणि टेकू धरतात की नाही ते बघायला गाडीला खांद्यानं चांगली ढकलून पाहिली. नवऱ्याला गाडीची माहितीपुस्तिका वाचायला बसवलं. मग सतरंजीवर पाठ टेकून ती आत सरकली, आणि डोक्यावरचा दिवा लागला तशी क्षणभर तशीच पडून राहिली. तिच्या लक्षात आलं की सगळी माणसं आपल्यापुढे अशीच पडलेली असायची, डोळ्यांवर दिवा, वर अंधारात काहीतरी अवजड, आणि काय होणार ते दुसऱ्याच्या हातात. आपण आयुष्यभर दुसऱ्या बाजूला उभ्या होतो. तिला जरा घाबरल्यासारखं झालं, आणि घाबरल्याचा रागही आला. तेलाचा आणि तापलेल्या धुळीचा वास येत होता. बाहेर नवऱ्याचे पाय दिसत होते, एका मोज्याला भोक होतं. ते भोक बघून तिला बरं वाटलं आणि ती कामाला लागली.

मोटर इंजिनाच्या कुशीत, धुराच्या पाइपाच्या मागे दडलेली. तारा सुटल्या, जाड तारेचा नट जरा रुसला, मग आला. खालचा बोल्ट समोरच होता, गंज सोडवणारा फवारा रात्रभर मुरलेला, त्यानं फार आढेवेढे घेतले नाहीत. राहिला वरचा. तो दिसतच नव्हता. पाइपाच्या वरून बोटं घातली की त्याचं डोकं लागायचं, पण डोळ्यांना काही नाही. तिनं खिशातून दवाखान्यातला आरसा काढला, लांब दांडीचा, नाण्याएवढा, आणि डाव्या हातानं आत सरकवला. सापडला! काळाकुट्ट, ग्रीसनं माखलेला, सहा बाजू शाबूत. आता आरशात उलटं दिसणारं काम सुलट करायचं हे इतरांना जडच. कॉलेजात पहिले सहा महिने मुलांचे हात भलतीकडे जातात, रडकुंडीला येतात बिचारी. मग एक दिवस हाताला स्वतःची अक्कल येते. तिच्या हाताला ती कधीच आलेली होती. पाना अचूक बसला. तिनं जोर लावला, बोल्ट हलेना; आणखी लावला, तो करकरला, सुटायला आला, आणि हात उडाला. पाना निसटला, बोटांची पेरं पाइपावर आपटली, कातडं सोलवटलं. बाहेर नवऱ्यानं काय झालं म्हणून विचारलं. काही नाही, घसरला, असं ती म्हणाली. आवाजात काही कळू दिलं नाही.

ती हात पोटावर घेऊन पडून राहिली. पेरांतून रक्त येत होतं आणि ती थरथर चालू होती, दिव्याच्या उजेडात अगदी स्पष्ट, अंगठ्यापाशी जरा जास्त. इतके दिवस ती पाळत ठेवत होती ती चोरून. आज पहिल्यांदा तिनं हाताकडे सरळ बघितलं. रागानं बघितलं आणि मग राग ओसरला, कारण हात बिचारा काही वाईट दिसत नव्हता. थरथर थांबली. तिनं पुन्हा पाना लावला. मधेच पुन्हा आली, तिनं पाना बोल्टवर तसाच ठेवून वाट बघितली, थांबल्यावर फिरवला. असं करत करत वरचा बोल्ट शेवटी तिच्या तळहातात येऊन पडला. तिला इतका आनंद झाला की तिनं तो पोरीसारखा मुठीत घट्ट धरला. मोटर खाली सरकली, छातीवर आली. भलतीच जड, तान्ह्या मुलाचं ओझं असतं तेवढं. ती दोन्ही हातांनी कवटाळून सरपटत बाहेर आली, नवरा हसायला लागला, आणि त्यानं तोंडावरचं काळं पुसून दिलं.

चहा झाल्यावर ती पुन्हा आत शिरली आणि मोटर बसायची जागा साफ करायला घेतली. इथं तिचं चुकलं, आणि असं चुकणं तिलाच शक्य होतं. कुणीही मेस्त्री फडकं फिरवून पुढे गेला असता. पण दंतवैद्याला थर दिसला की त्याला राहवत नाही. तिनं दवाखान्यातली दात खरवडायची हत्यारं आणली आणि ती लोखंडी कड अशी निर्मळ केली की तिथं चूळ भरायची तेवढी बाकी होती. खपल्याच खपल्या निघाल्या, एक तर चांगली पापडासारखी अखंड सुटली, तिला फार समाधान झालं. सगळा मळ वर्तमानपत्रात घालून तिनं बाहेर ढकलला. नवी मोटर बसवली. वरचा बोल्ट बोटांनी आंधळ्यासारखा चाचपत पेरला. दोनदा हात थरथरला, दोनदा ती थांबली, तिसऱ्यांदा आटा धरला. तारा जोडल्या, बॅटरी जोडली, आणि नवऱ्याला किल्ली फिरवायला सांगितली.

गाडी किंचाळली. दातावर दात घासल्यासारखा तो कर्कश आवाज, असला की तिनं ओरडूनच बंद करा म्हटलं. आणि लगेच मनात आलं की हातानं घात केला. बोल्ट तिरका गेला, मोटर वाकडी बसली, ज्या क्षणी हात उडाला त्या क्षणी काहीतरी बिघडलं. पोस्टमनच्या गालातली ती लाल रेघ डोळ्यांपुढे आली, मग नणंदेचा उघडा जबडा, मग आणखी काय काय. ती पायरीवर बसली. नवरा पुस्तिका घेऊन शेजारी बसला. कधी बोलू नये हे त्याला नेमकं कळे, याचं तिला नेहमी नवल वाटायचं. आणि हळूहळू तिच्यातली डॉक्टर जागी झाली. आवाज कसला होता? चाकांचे दात एकमेकांत जास्त खोल रुतल्याचा. भराव उंच झाला की वरची दाढ खालचीवर अशीच घासते. म्हणजे मोटर जरा जास्त जवळ बसली आहे. जुनी तेवढी जवळ नव्हती. का नव्हती? मधे काहीतरी होतं म्हणून. आणि ती अखंड सुटलेली पापडासारखी खपली तिला आठवली. तो मळ नव्हताच! कुणा शहाण्या मेस्त्रीनं मुद्दाम घातलेली पत्र्याची पातळ पट्टी होती ती, आणि आपण तिला कीड समजून उपटलं.

वर्तमानपत्रातला मळ उपसला, पट्टी नव्हती. तिनं नवऱ्याकडे बघितलं. त्यानं अपराधी चेहऱ्यानं प्रुफांचा गठ्ठा उघडला. पट्टी आत होती, पुसूनबिसून, वाचलेलं पान दाखवायला घातलेली. इतकी सरळ पट्टी टाकवेना म्हणाला. ती हसत सुटली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली, आणि हसता हसता तिला कळलं की हातानं घात केला नव्हता. घात केला होता तो तिच्या स्वच्छतेच्या हौसेनं. वरचा बोल्ट पुन्हा काढावा लागला, पट्टी जागेवर सरकवून पुन्हा घालावा लागला. आता तिला त्याचा रस्ता पाठ होता. थरथर यायची, ती थांबायची, थरथर जायची, ती पुढे सरकायची. मग नवऱ्यानं किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्याच फटक्यात अशी सुरू झाली की शेजारच्या खिडकीतून दोघांनी डोकावून बघितलं. तिनं गाडीखालून पाय बाहेर काढून नाचवले. नंतर नवरा म्हणाला की एवढं खूश तुला मुलांच्या निकालालाही पाहिलं नव्हतं. खरंच होतं ते.

बेसिनपाशी काळे हात धुताना सोलवटलेली पेरं चुरचुरत होती. हात अजून आपले आहेत, यात आता वाद नव्हता. थरथरत का होईना, आंधळ्या जागेतला बोल्ट त्यांनी दोनदा काढला आणि दोनदा घातला होता. सोमवारला हो म्हणायला हरकत नव्हती. साबणाचा फेस करता करता तिनं मनातल्या मनात ती दाढ काढायला घेतली. हिरडी कापली, हाड उघडं केलं, ड्रिल लावलं, आणि थरथर आली. मग? मग थांबायचं. आणि थांबायच्या आधीचा तो एक क्षण? लोखंडावर पाना घसरला तेव्हा तिचं कातडं गेलं, लोखंडाचं काही गेलं नाही. लोखंडाला शीर नसते. लोखंडाची भूल उतरत नाही, ते कितीही वेळ तोंड उघडून पडून राहतं. माणूस कुठवर पडून राहील? हात माझे आहेत म्हणून दुसऱ्याच्या जबड्यात मी त्यांची परीक्षा बघायची? मनातलं ते अर्धवट वाक्य सरळ पुरं झालं, आणि तिला वाटलं होतं तेवढं ते दुखलं नाही. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. ती नळ सोडून थोडी रडलीही. पण तोंड पुसलं तेव्हा मन एकदम ठाम होतं. तिनं धाकटीला फोन केला. सोमवारची दाढ तू काढायचीस, मी शेजारी उभी राहीन, म्हणाली. खुर्चीही आता तुझीच, हे त्यातच सांगून टाकलं. का, ते मात्र सांगितलं नाही.

नणंदेला फोन केला तेव्हा पलीकडे कधी नव्हे ती शांतता पसरली. चावायची धमकी आली नाही, स्टूल-उशी काही नाही. बरं, एवढंच म्हणाली. सोमवारी ती गाडीनं तिला आणायला गेली तर नणंद मागच्या सीटवर बसली, आणि वाटेत खिडकीबाहेर बघत राहिली. गाडीचं कौतुक केलं नाही. दुखत असेल, असं ती धरून चालली.

धाकटीचे हात सुरेख चालले. शीर जिथं होती तिथून ती बरोबर लांब राहिली, एकदाच वर बघितलं, बाईंनी मान हलवली, आणि दाढ तीन तुकड्यांत बाहेर आली. आपण यापेक्षा चांगली काढली नसती, हे तिला दिसत होतं आणि त्याचा अभिमान वाटत होता. सुई लावण्यापासून टाके पडेपर्यंत ती खुर्चीच्या दुसऱ्या अंगाला बसून होती, नणंदेचा हात हातात धरून. मधे थरथर आली. तिनं हात सोडवून घ्यायला बघितलं, पण नणंदेनं तो घट्ट दाबून धरला. दिवा बाजूला झाला, कापसाची गादी दाढेच्या जागी बसली, आणि बोलू नका असं धाकटी सांगत असतानाच नणंद कापसाआडून बोलली.

"घाबरलात का वहिनी? केवढा कापत होता हात."

"घाबरले नाही, वन्सं. माझा हात कापतो आता. अधूनमधून. म्हणून तुमची दाढ मी काढली नाही."

धाकटी हातमोजे अर्धवट काढून तशीच उभी राहिली. नणंद वहिनीकडे बघत होती, डोळे भरून आले होते, आणि ते भुलेनं झालं म्हणावं तर भूल डोळ्यांना नव्हती.

"मग सांगायचं नाही का तसं," ती म्हणाली, बोबडं, कापूस सांभाळत. "मला वाटलं, मी नकोशी झाले तुम्हाला. दोन दिवस रडत्येय घरात."

झाकलेल्या मुठीत हेही होतं, याची तिला कल्पनाच नव्हती. पण कापूस लाल होत चालला होता आणि रक्त थांबायला हवं होतं, तेव्हा ती तिच्या दवाखान्यातल्या आवाजात म्हणाली, आता दात मिटा, कापूस घट्ट धरा, आणि एक तास चकार शब्द बोलायचा नाही. आयुष्यभर बोललेल्या त्या बाईनं मुकाट्यानं दात मिटले. हात काही सोडला नाही. तो थोड्या वेळानं पुन्हा कापायला लागला तेव्हा वहिनीनंही तो लपवला नाही, आणि तास होईपर्यंत त्या दोघी तशाच बसून राहिल्या.